कमानीखालची बैठक

फार पूर्वीची गोष्ट आहे. त्या काळी पावसाळ्यात नदी ओलांडायची म्हणजे माणसं आधी घरच्यांचा नीट निरोप घेत, कारण परत येऊच याची खात्री कुणी देत नसे. त्या काळात एका डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर, एक विद्यालय होतं. तिथे व्याकरण शिकवत नसत की ज्योतिष शिकवत नसत. तिथे दगडाची कमान बांधायला शिकवत. आसपासच्या गावांतले लोक त्याला दगडशाळा म्हणत, आणि पोरगं अभ्यासात ढ निघालं की 'थांब, तुला दगडशाळेतच घालतो' असा दम भरत. पूल बांधायची वेळ आली की मात्र हीच मंडळी पागोटी सावरत त्या दगडशाळेच्या दारात येऊन उभी राहत.

त्याला कारण होतं. तिथून शिकून बाहेर पडलेल्या गवंड्याच्या छिन्नीवर एक बारीक चंद्रकोर ठोकलेली असे. ती शाळेची खूण. चंद्रकोरवाल्या गवंड्याने पूल बांधला की बायका डोक्यावर पाटी आणि कडेवर मूल घेऊन त्यावरून बिनघोर जात, आणि एकदाही खाली वाकून बघत नसत.

चंद्रकोर मिळे ती परीक्षेनंतर. परीक्षा साधी होती, म्हणजे सांगायला साधी. विद्यार्थ्याने आपल्या हाताने दगड घडवायचे, लाकडी सांगाड्यावर ते एकमेकांना टेकवून कमान रचायची, आणि सांगाडा काढताना त्याच कमानीखाली मांडी घालून बसायचं. चुना नाही, माती नाही, काही नाही. कोरडा दगड आणि त्याला टेकलेला कोरडा दगड. याला तिथे बैठक म्हणत. पुढे शिकून सवरून खराखुरा पूल बांधला तरी हा रिवाज सुटत नसे. पुलावरून पहिली भरलेली गाडी जाई तेव्हा गवंडी पुलाखाली बसलेला असे.

विद्यालयाचे मुख्य गुरुजी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगत, "चुना पाऊस अडवतो, वजन अडवत नाही. वजन पेलतो तो दगडाच्या अंगाचा उतार. उतार बरोबर असेल तर वरून जितकं दाबाल तितकी कमान घट्ट बसते. तो चुकला असेल तर मग चुना ओता नाहीतर तूप ओता."

सांगाडा काढण्याआधी गुरुजी कमानीवरून तळहात फिरवत. एकेका सांध्यापाशी थांबत, बोटाने चाचपत, आणि शेवटी दोनच शब्द बोलत, "उभी राहील." ते शब्द कानावर पडल्याशिवाय सांगाड्याची खुंटी कुणी हलवत नसे.

आता चुना लावताना कुणी सापडलाच तर काय करायचं, याचाही नियम होता, आणि तो फार कडक होता. त्या मुलाची हत्यारं सगळ्यांसमोर नदीच्या डोहात टाकायची, आणि जन्मात पुन्हा दगडाला छिन्नी लावणार नाही अशी त्याला शपथ घालायची. गुरुजींच्या आधीच्या गुरूंनी हा नियम एकदा पाळला होता म्हणे. गुरुजींच्या काळात मात्र एकाचीही हत्यारं डोहात गेली नव्हती. गुरुजींना त्याचा मोठा अभिमान होता. पाहुणे आले की गुरुजी हटकून ते सांगत. कुणी चुना लावलाच नाही, की लावलेला कुणाच्या नजरेस पडला नाही, हे विचारायचं मात्र एकाही पाहुण्याला सुचलं नाही, आणि गुरुजींना तर मुळीच नाही.

त्या वर्षी विद्यालयात दोन विद्यार्थी सगळ्यांच्या तोंडी होते. एकाचं नाव रेवण. हात असा, की दगडावर कमळ काढलं तर भुंगा येऊन बसेल. बोलायला गोड, गुरुजींचे पाय दुखले तर सांगण्याआधी तेल घेऊन हजर. त्याचे वडील पाथरवट होते, ते लहानपणीच गेले. आईने खडी फोडून त्याला वाढवलं होतं. एकच खोड होती. दगडाचं जे अंग दिसतं त्यावर तो जीव ओतायचा, आणि जे आत सांध्यात जाऊन झाकलं जातं, ते घासायचा त्याला भारी कंटाळा.

दुसऱ्याचं नाव सोनबा. हा इतका संथ, की एक दगड घडवायला इतरांच्या दुप्पट वेळ घ्यायचा. कोन तपासायचा गुण्या लावायचा, बघायचा, घासायचा, पुन्हा गुण्या लावायचा. मुलं त्याला चिडवत, "सोनबा, दगड म्हातारा झाला की रे!" तो हसायचा आणि पुन्हा घासायला बसायचा.

परीक्षा खंडेनवमीला असे. सकाळी हत्यारांची पूजा व्हायची, छिन्न्या-हातोड्यांना झेंडूची फुलं वाहिली जायची आणि मग बैठका सुरू व्हायच्या. जुने विद्यार्थीही त्या दिवशी आपापली हत्यारं घेऊन गुरुजींच्या पाया पडायला येत. त्या वर्षी नदीपलीकडच्या गावचा पाटीलही आला होता. त्याच्या गावच्या ओढ्यावर पूल बांधायचा होता आणि त्याला एक होतकरू गवंडी हवा होता. रेवणची आईही आली होती. लांबून पायी आली होती बिचारी, पायांवर धूळ तशीच, आणि पुढच्याच रांगेत हात जोडून बसली होती.

आधी सोनबाचा नंबर लागला. गुरुजींनी कमानीवर हात ठेवला, तेवढ्यात सोनबाच म्हणाला, "गुरुजी, थांबा. सांगाडा काढू नका."

"का रे?"

"डावीकडचा खालचा दगड चुकलाय. आज सकाळी परत बघितलं. सांध्यात पान सरकेल एवढी फट आहे."

मंडळी हसली. गुरुजींनी बोट लावून पाहिलं, फट होती. ते म्हणाले, "मग पुढच्या वर्षी." सोनबाने मान डोलावली, आपली हत्यारं गोळा केली आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला. शाबास म्हणावं असं एक मन गुरुजींना म्हणत होतं. पण पाटील जांभई देत होता, पुढचे विद्यार्थी ताटकळले होते, आणि शाबासकी राहूनच गेली.

मग रेवणची कमान. ती पाहून मंडळींच्या तोंडून आपोआपच वा निघालं. दगडादगडावर वेल, वेलीला पानं, आणि माथ्यावरच्या मधल्या दगडावर उमललेलं कमळ. पाटील जांभई अर्धी सोडून पुढे सरकला. गुरुजी कौतुकाने हात फिरवू लागले. फिरवता फिरवता उजव्या बाजूच्या एका सांध्यापाशी त्यांचं बोट थबकलं.

तिथून मुंग्यांची रांग आत जात होती.

मुंग्या दगडाला कशाला येतील? कोरड्या दगडात त्यांचं काय ठेवलंय? पण विद्यालयात भोजनशाळेच्या भिंतीचं काम चाललं होतं, आणि त्या भिंतीच्या चुन्यात, तो चिवट व्हावा म्हणून, गूळ घालून मळला होता. गुरुजींनी नखाने सांधा हळूच खरवडला. नखात पांढरं आलं. वरून सफाईने पुसून घेतलेला, आत भरलेला चुना.

त्यांनी मान वर केली. समोर रेवणची आई हात जोडून बसली होती. तिच्याकडे बघून गुरुजींना एकाच वेळी सगळं दिसलं. डोहात पडणारी हत्यारं दिसली. रडणारी ती माउली दिसली. पाटील गावोगाव जाऊन सांगणार, दगडशाळेतही असले प्रकार चालतात. आणि खरं सांगायचं तर, आपल्या काळात एकही नाही, हे आता कुणाला सांगता येणार नाही, हेही दिसलं. कशाचं दुःख जास्त झालं ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

'पोर हुशार आहे,' ते मनाशी म्हणाले. 'कामाला लागला की शिकेल. नंतर एकट्याला बोलावून समजावू. एवढ्याशा चुन्यासाठी जन्माचं नुकसान कशाला?'

रेवण खाली मांडी घालून बसला होता. त्याने मान वर करून गुरुजींकडे बघितलं. क्षणभर दोघांची नजरानजर झाली.

"उभी राहील," गुरुजी म्हणाले.

सांगाडा काढला. कमान उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आईने उठून पोराच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, आणि पाटलाने तिथल्या तिथे पुलाचं काम रेवणला देऊन टाकलं.

संध्याकाळी मंडळी पांगली तेव्हा सोनबा गुरुजींजवळ आला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, रेवणच्या कमानीवर मुंग्या होत्या."

गुरुजींना राग आला. "तू तुझ्या दगडाकडे बघ," ते फटकन म्हणाले.

सोनबा निघून गेला. पुढच्या खंडेनवमीला त्याने कमान रचली, अशी की सांध्यात केस सरकणार नाही. त्याने छिन्नीवर चंद्रकोर घेतली, गुरुजींना नमस्कार केला आणि तो घाटाखाली कामाला गेला. तो पुन्हा कधीच आला नाही. दर खंडेनवमीला गुरुजी वाटेकडे बघत, जुने विद्यार्थी येत, पाया पडत, जात. त्यांत सोनबा नसायचा. त्याच्या हातचे पूल छान उभे आहेत एवढं कानावर यायचं.

रेवणला एकट्याला बोलावून समजावायचं, तेही राहिलंच. दुसऱ्या दिवशी तो सामान बांधून निघाला तेव्हा गुरुजी फाटकापर्यंत गेले. तोंडाशी आलेलं परत गिळून म्हणाले, "जपून काम कर हो." रेवण पाया पडला. त्यानेही काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोघांपैकी एकाने जरी त्या वेळी धीर केला असता!

त्यानंतर विद्यालयात एक गोष्ट हळूहळू बदलली. पूर्वी सकाळपासून दगड घासण्याचा खरखर आवाज दूरवर ऐकू जायचा. तो कमी कमी होत गेला. फुलं कोरण्याची टकटक वाढली. मुलं वेडी नसतात. सोनबाला काय मिळालं आणि रेवणला काय मिळालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. गुरुजींनाही ते कळत होतं, नाही असं नाही. पण कमानीवरून हात फिरवताना नजर झाडाच्या शेंड्याकडे ठेवायची सवय त्यांनी लावून घेतली होती.

ओढ्यावरच्या पुलाचं काम काही वर्षं चाललं, आणि ते संपल्यावर एक दिवस तो पलीकडच्या गावचा पाटील आला. या वेळी तो फाटकातच थांबला.

"गुरुजी, पूल पडला."

गुरुजींनी विचारलं, "माणसं?"

"माणसं वाचली. गाडी निम्म्यावर यायच्या आधीच बैलांनी पाय रोवलं. लई हाणलं, पर पुढं सरकंनात. मुक्या जनावराला कळलं, आमाला न्हाई कळलं." पाटलाने पागोटं काढून हातात घेतलं. "पर गवंडी खाली बसला व्हता, गुरुजी. तुमच्या रिवाजापरमानं."

"गेला?"

"जीव हाय. उजवा हात दगडाखाली सापडला. वैद्यानं काढून टाकला."

गुरुजी तसेच रेवणच्या घराकडे चालू लागले. वाटेत त्यांना तो पूल लागला, म्हणजे पुलाचं जे काही उरलं होतं ते. ओढ्यात दगड पसरले होते, आणि एकेका दगडावर वेलबुट्टी, कमळं, मोर. ते खाली उतरले. एक दगड उलटा करून त्याचं आतलं अंग पाहिलं. ओबडधोबड होतं. वर बोटभर जाड चुना, आतून अजून ओला. आणि त्या ओल्या चुन्यावर मुंग्याच मुंग्या. तिथेच उभं राहून गुरुजी रडले. ऐकायला फक्त ओढा होता.

रेवणची आई उंबऱ्यात बसली होती. गुरुजींना बघून ती उठली नाही. मग म्हणाली, "गुरुजी, त्या दिशी तुमाला दिसलं व्हतं का?"

गुरुजींना खोटं बोलता आलं असतं. पण ते म्हणाले, "दिसलं होतं."

"मंग का न्हाई बोललात?"

"तुझ्याकडे बघून नाही बोललो."

आईने डोळ्याला पदर लावला. "त्या दिशी त्याला हाकललं असतंत, तर म्या तुमाला शिव्या दिल्या असत्या. वरीसभर दिल्या असत्या. तुमच्या दारात बसून दिल्या असत्या. पर माज्या लेकराचा हात ऱ्हायला असता वो."

आत रेवण घोंगडीवर पडला होता. चेहरा पार उतरला होता. गुरुजी त्याच्या उशाशी बसले. त्याच्या डाव्या हातावर हात ठेवून म्हणाले, "रेवण, चुकलं माझं. मी मुंग्या पाहिल्या होत्या."

"मला माहीत आहे," रेवण म्हणाला. "तुमचं नख मी बघितलं होतं."

"मग?"

"मला वाटलं आता हत्यारं डोहात जाणार. तुम्ही म्हणालात, उभी राहील." रेवण छताकडे बघत बोलत होता. "गुरुजी, तेव्हापासून मी असं समजत आलो की माझे दगड बरोबर होते. चुना मी उगाच भिऊन लावला. नाहीतर तुम्ही पाहूनसुद्धा उभी राहील कसं म्हणाला असता? तुम्ही कमानीबद्दल कधी खोटं बोलत नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मोठ्या मुलांनी."

गुरुजींना वाटलं होतं, पोर आपल्याला फसवून गेलं आणि आपण दयेपोटी फसवू दिलं. इथे उलटंच निघालं. फसवणूक त्यांनी केली होती, आणि ज्याला वाचवायला गेले त्याचीच केली होती. ज्या शिक्षेच्या भीतीने ते गप्प राहिले होते, तीच शिक्षा रेवणला झाली होती, छिन्नी कायमची सुटली होती. त्यातून वर हात गेला तो गेलाच.

जाताना ते म्हणाले, "बरा झालास की माझ्याकडे ये. तुझे डोळे शाबूत आहेत. चुकलेला उतार कसा दिसतो, ते मुलांना दाखवायला मला माणूस हवाय."

रेवण लगेच हो म्हणाला नाही. त्याला राग होता, आणि तो असायलाच हवा होता. पण पुढची खंडेनवमी जवळ आली तशी एके दिवशी आई त्याला घेऊन फाटकाशी आली.

त्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर गुरुजी सगळ्यांसमोर उभे राहिले. "आजपासून एक रिवाज वाढवतोय," ते म्हणाले. "मी ज्या कमानीला उभी राहील म्हणेन, तिच्याखाली विद्यार्थ्याशेजारी मीही बसेन. आजवर शब्द माझा होता आणि डोकं पोरांचं होतं. हे बरोबर नव्हतं."

लोकांत कुजबुज झाली. गुरुजी आता चांगलेच थकले होते, मांडी घालायची तरी गुडघे कुरकुरायचे. पण ते पहिल्या कमानीखाली बसले, सांगाडा निघाला, कमान उभी राहिली. दुसऱ्या कमानीखाली बसले, तीही उभी राहिली.

मग एका लहानखुऱ्या मुलाची कमान आली. कमान देखणी होती. गुरुजींनी या वेळी नजर शेंड्याकडे न ठेवता सांधान् सांधा निरखून पाहिला. मुंगी नव्हती, पांढरं नव्हतं, काही नव्हतं. "उभी राहील," ते म्हणाले, आणि एका हाताने दगडाचा आधार घेत, दुसरा गुडघ्यावर ठेवून, हळूहळू खाली बसू लागले.

मुलगा आधीच मांडी घालून बसला होता. त्याने गुरुजींचे थरथरणारे पाय पाहिले, पांढरं डोकं कमानीखाली येताना पाहिलं, आणि तो एकदम ओरडला, "गुरुजी, बसू नका!"

खुंटीवर हातोडा उगारलेला माणूस तसाच थांबला.

"बसू नका, गुरुजी. मी चुना लावलाय." मुलगा हुंदके देऊ लागला. "आत लावलाय, खोल. गूळ घातला नाही मी त्यात. मुंग्या येतात म्हणून."

पोरं शहाणी झाली होती म्हणायची! स्वतःच्या डोक्यावर कमान पडेल याची भीती त्या पोराने गिळली होती. पण म्हाताऱ्या गुरुजींच्या डोक्यावर पडेल, ही भीती काही त्याला गिळता आली नाही. तो रांगत बाहेर आला, आपली हत्यारांची पिशवी उचलली, आणि दोन्ही हातांनी गुरुजींपुढे धरली. नियम त्याला माहीत होता. डोह तिथून दिसत होता.

गुरुजींनी पिशवी घेतली. लोक डोहाच्या बाजूने सरकून वाट करू लागले. गुरुजींनी ती परत त्या मुलाच्या खांद्याला अडकवली.

"कमान उतरव," ते म्हणाले. "चुना धुऊन काढ. ज्या दगडाचा उतार चुकलाय तो शोध आणि पुन्हा घडव. कितीही वेळ लागू दे. मी इथेच बसलोय."

"म्हणजे हत्यारं?"

"हत्यारांशिवाय पुन्हा कशी बांधशील?"

मुलगा डोळे पुसत सांध्यांवर पाणी ओतू लागला. मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. जिकडेतिकडे मुलं खाली माना घालून उभी होती, आणि बघता बघता त्यांतली दोघं-तिघं मुकाट्याने आपापल्या कमानीकडे गेली आणि दगड उतरवू लागली. कुणी त्यांना काही विचारलं नाही.

रेवण एका बाजूला आईजवळ उभा होता. तो सावकाश गुरुजींपाशी आला. रिकामी उजवी बाही वाऱ्याने हलत होती. डाव्या हाताने ती आवरत त्याने विचारलं, "गुरुजी, त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं का हो?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच गुरुजींना ते सहन झालं नाही. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"हो रे बाळा," ते म्हणाले. "एवढंच म्हणायचं होतं."

मग दोघं त्या मुलाच्या कमानीपाशी खाली बसले. रेवणने डाव्या हाताचं बोट एका दगडाच्या आतल्या अंगावर ठेवलं आणि मुलाला म्हणाला, "हे बघ. इथे चुकलाय." मुलाने दगड उचलला, आणि खूप दिवसांनी त्या अंगणात दगड घासल्याचा खरखर आवाज येऊ लागला.

तात्पर्य: चूक पाहूनही जो 'बरोबर आहे' म्हणतो, तो चुकणाऱ्याला वाचवत नाही, त्या चुकीखाली एकटा बसवून निघून जातो. दया करायचीच असेल तर चूक झाकू नये, ती सुधारायला वेळ द्यावा आणि त्या वेळात त्याच्या शेजारी बसावं.